धान्याच्या कोठारानं वाचवलेलं चर्च: ब्रॅडवेलच्या सेंट पीटरचं प्रकरण

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, एसेक्स परगण्यात, ब्लॅकवॉटर खाडी समुद्राला मिळते त्या टोकावर एक उंच, अरुंद, दगडी इमारत एकटी उभी आहे. बाजूला घरं नाहीत, दफनभूमी नाही, मनोराही नाही. ब्रॅडवेल-ऑन-सी हे गाव तिथून तीनेक किलोमीटर आत आहे. गावातून रोमन काळापासूनचा मानला जाणारा एक सरळसोट रस्ता तिकडे जातो. शेवटचा अर्धा मैल गाडी सोडून शेताच्या कडेनं पायीच जावं लागतं. लांबून पाहणाऱ्याला हे शेतावरचं कोठार वाटतं आणि त्यात फारसं चुकीचं काही नाही. दोनशेहून अधिक वर्षं ही वास्तू कोठारच होती.

तिचं नाव सेंट पीटर-ऑन-द-वॉल. इ.स. ६५४च्या सुमारास सेड नावाच्या बिशपनं ती उभी केली असं मानलं जातं. इंग्लंडमध्ये इतकी जुनी आणि भिंती, छप्परासकट उभी असलेली चर्चं बोटांवर मोजता येतील. म्हणूनच हे प्रकरण तपासण्यासारखं आहे. ज्या किल्ल्यात ती बांधली तो गेला, ज्या मठासाठी बांधली तो गेला, तिचं स्वतःचं गर्भगृह आणि बाजूच्या खोल्या गेल्या, मग मधलं दालनच तेवढं का राहिलं? भक्तांनी जपलं म्हणून, हे नेहमीचं उत्तर इथे लागू पडत नाही. भक्तांना तर या जागेचा पुरता विसर पडला होता. माझं मत असं की प्रत्येक शतकात कुणाच्या तरी रोकड्या गरजेला ती उपयोगी पडली. ज्या भागाची गरज संपली तो भाग गेला आणि ज्याची राहिली तो राहिला.

आयता दगड

गोष्ट सेडच्या चारेकशे वर्षं आधी सुरू होते. तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात रोमनांनी इंग्लंडच्या पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यावर किल्ल्यांची साखळी उभारली. समुद्रमार्गे येणाऱ्या सॅक्सन टोळ्यांवर नजर ठेवणं हे तिचं काम. त्यातला एक किल्ला इथे होता, ओथोना. रोमन साम्राज्याच्या अधिकाऱ्यांची आणि फौजांची जी यादी आज उपलब्ध आहे तिच्यात या ठाण्याचं नाव आहे, इथल्या तुकडीचंही आहे. किल्ल्याची भिंत सुमारे १२ फूट जाड होती. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला रोमन फौजा ब्रिटन सोडून गेल्या आणि ज्या सॅक्सनांना अडवायचं होतं तेच इथे येऊन स्थायिक झाले. परगण्याचं एसेक्स हे नाव त्यांच्याच पूर्व शाखेचं.

सातव्या शतकात इथला राजा सिगबर्ट. उत्तरेकडच्या नॉर्थम्ब्रियाचा राजा ऑस्वी हा त्याचा मित्र. बीड या मठवासी इतिहासकारानं ७३१मध्ये पूर्ण केलेल्या इतिहासात या दोघांचं बोलणं दिलं आहे. ऑस्वी सिगबर्टला सांगतो की माणसाच्या हातांनी लाकूड-दगडातून घडवलेला देव कसा असेल? उरलेलं लाकूड चुलीत जातं, नाही तर त्याची भांडी होतात. सिगबर्टला ते पटलं, त्यानं बाप्तिस्मा घेतला आणि आपल्या राज्यासाठी धर्मशिक्षक मागितले. त्यातून सेड इथे आला.

सेड चार भावांपैकी एक. चौघेही धर्मगुरू झाले आणि त्यातले दोघे, सेड आणि चॅड, बिशप. त्याचं शिक्षण लिंडिसफार्न बेटावरच्या मठात, आयर्लंडकडून आलेल्या परंपरेत झालं होतं. काम चांगलं चाललेलं पाहून ६५४मध्ये लिंडिसफार्नच्या फिनन बिशपनं त्याला पूर्व सॅक्सनांचा बिशप नेमलं. सेडनं ठिकठिकाणी चर्चं उभारली, असं बीड लिहितो, आणि त्यातली दोन ठिकाणं नावानं सांगतो. एक थेम्स नदीकाठचं टिलबरी, दुसरं पांट नदीच्या काठचं इथनकास्टर. पांट म्हणजे आजची ब्लॅकवॉटर आणि इथनकास्टर म्हणजेच ओथोनाचा किल्ला. सेड आणि ब्रॅडवेल यांची सांगड या एका ओळीवर उभी आहे.

सेडनं पडका किल्लाच का निवडला असेल? राजानं दिलेली, कुणाचा दावा नसलेली जागा. लिंडिसफार्नहून बोटीनं थेट येता येईल असा किनारा. शिवाय तोडलेला, घडवलेला, पायाशी रचून ठेवल्यासारखा दगड. चर्च बांधलं तेही नेमकं किल्ल्याच्या पश्चिम दरवाज्यावर, जुन्या भिंतीच्या पायावर. नावातली ‘वॉल’ ती हीच. पाया खोदायचे श्रम वाचले आणि दलदलीच्या जमिनीत इमारत खचण्याची भीतीही टळली. बांधकामाचा अनुभव असलेला कुणीही हाच हिशेब करेल.

लाकडाच्या परंपरेतला माणूस, दगडाचं चर्च

पण इथे एक कोडं आहे आणि अभ्यासक त्यावर बराच काळ घासाघीस करत आले आहेत. सेड ज्या परंपरेत वाढला तिच्यात चर्च लाकडाचं असे. ज्या फिनननं त्याला बिशप केलं, त्यानंच लिंडिसफार्नवर बांधलेलं चर्च ओकच्या फळ्यांचं आणि बोरूनं शाकारलेलं होतं, हे बीड मुद्दाम नोंदवतो. मग त्याच मठातला माणूस खाली दक्षिणेत येऊन दगडाचं, तेही रोमन धाटणीचं चर्च कसं बांधतो?

ब्रॅडवेलचा आराखडा पाहिला तर शंका आणखी बळावते. मधलं दालन सुमारे ५० फूट लांब, २२ फूट रुंद, भिंती २४ फूट उंच. पूर्वेला अर्धवर्तुळाकार गर्भगृह होतं. गर्भगृह आणि दालन यांच्या मध्ये कमानी, दोन होत्या की तीन यावर वाद आहे. उत्तर-दक्षिणेला एकेक खोली, पश्चिमेला देवडी. ही मांडणी थेम्सपलीकडच्या केंट परगण्यातली आहे, म्हणजे ५९७मध्ये रोमहून आलेल्या ऑगस्टिनच्या मंडळींनी कॅन्टरबरीत आणि आसपास रुजवलेली. आयरिश वळणाच्या मठातून आलेल्या सेडशी तिचं नातं वरवर तरी जुळत नाही. म्हणून काहींना ही वास्तू सेडनंतरची वाटते.

मला त्यासाठी सेडला बाजूला सारायची गरज दिसत नाही. लाकडी चर्च ही आयरिश मठांची श्रद्धा नव्हती, सवय होती. जिथे ओकची जंगलं तिथे ओक. इथे हाताशी दगड होता आणि तो रचायची कला जाणणारे गवंडी एका खाडीपलीकडे केंटमध्ये होते. गवंडी जी पद्धत जाणतो तीच बांधतो, मालक कुठल्या मठात शिकला हे तो विचारत नाही. सेड स्वतःही दोन्ही बाजू समजणारा माणूस होता. ६६४मध्ये व्हिटबीला ईस्टरची तारीख आणि इतर प्रथांवरून आयरिश आणि रोमन पक्षांची जी मोठी सभा झाली, तिच्यात दुभाष्याचं काम त्यानंच केलं आणि सभेनंतर त्यानं रोमन पद्धत स्वीकारली.

भिंतीजवळ जाऊन पाहिलं की उसनवारी उघड दिसते. घडीव चिरे, ओबडधोबड धोंडे आणि मधूनमधून पातळ, रुंद, लालसर रोमन विटा. या विटा सातव्या शतकात कुणी भाजत नव्हतं. त्या किल्ल्यातूनच काढलेल्या. पूर्वेकडच्या भिंतीवर बाहेरच्या बाजूनं मोडलेल्या कमानीचे वळसे अजून उमटलेले आहेत, याच विटांचे. पलीकडचं गर्भगृह पडल्यावर कमानी बुजवून ती बाहेरची भिंत केली, पण विटांची वळणं कुणी तासली नाहीत. गर्भगृह कुठवर होतं हे जमिनीवर आखून ठेवलेलं आहे.

सेडनंतर

सिगबर्टचा शेवट विचित्र झाला. बेकायदा लग्न केलेल्या एका सरदाराला सेडनं बहिष्कृत केलं होतं आणि त्याच्या घरी कुणी जेवायला जायचं नाही अशी ताकीद दिली होती. राजा तरीही जेवायला गेला. बाहेर पडताना नेमका सेड समोर! राजा घोड्यावरून उतरून पाया पडला, पण सेडनं रागानं हातातली काठी त्याला लावली आणि म्हणाला की याच घरात तुझा मृत्यू होईल. पुढे दोन नातलगांनी राजाला तिथेच मारलं. कारण विचारलं तर म्हणाले, हा शत्रूंना फार सहज माफ करत होता.

सेड ६६४च्या साथीत यॉर्कशरमधल्या लास्टिंगॅमच्या मठात वारला. ही बातमी कळल्यावर पूर्व सॅक्सनांकडच्या त्याच्या मठातले तीसेक जण त्याच्या थडग्याजवळ राहायला म्हणून तिकडे गेले आणि एका लहान मुलाखेरीज सगळे त्याच साथीत मेले. इकडे एसेक्समध्ये साथ पाहून घाबरलेला एक राजा प्रजेसह जुन्या देवांकडे परतला आणि त्यांना पुन्हा वळवायला मर्सिया या दुसऱ्या सॅक्सनकालीन राज्याच्या जॅरुमन बिशपला यावं लागलं. दहा वर्षांत नवा धर्म आला, राजा मारला गेला, बिशप गेला, मठ निम्मा रिकामा झाला. भिंती मात्र जागच्या जागी होत्या.

पुढची काही शतकं भरभर सांगून टाकतो, कारण कागदपत्रंच तुटपुंजी आहेत. व्हायकिंगांच्या स्वाऱ्यांत हा किनारा थेट त्यांच्या वाटेवर होता. ९९१ची मॉल्डनची प्रसिद्ध लढाई याच खाडीच्या वरच्या टोकाला झाली. मध्ययुगात वस्ती आत सरकली, गावात सेंट थॉमसचं चर्च मुख्य ठरलं आणि किनाऱ्यावरच्या जुन्या वास्तूकडे दूरच्या वाडीवस्तीसाठीचं दुय्यम प्रार्थनास्थळ एवढंच काम उरलं.

मग १४४२मध्ये एक चौकशी झाली. पंचांनी साक्ष दिली की या जागी गर्भगृह, दालन आणि दोन घंटांचा छोटा मनोरा आहे, इमारत मध्यंतरी जळाली होती, गर्भगृहाची दुरुस्ती मुख्य धर्मगुरूंनी केली आणि दालनाची गावकऱ्यांनी. पण ती कधी बांधली, कुणी बांधली, हे त्यांना ठाऊक नाही. बीडच्या ग्रंथाच्या प्रती तेव्हा इंग्लंडभर मठांमधून होत्या. ग्रंथातलं इथनकास्टर म्हणजे आपल्या शेताच्या टोकाला असलेली ही वास्तू, ही जोडणी मात्र गावात कुणाच्या मनात उरली नव्हती.

त्या साक्षीतला दुरुस्तीचा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. गर्भगृहाचा खर्च धर्मगुरूकडे आणि दालनाचा गावाकडे, ही वाटणी इंग्लंडमध्ये रूढच होती. दोन खिशांतून दोन भाग सांभाळले जात होते. एक खिसा आटला की तो भाग ढासळणार हे ठरलेलंच.

कोठार

सतराव्या शतकात इथली उपासना थांबलेली होती. मनोरा खलाशांना खूण म्हणून उपयोगी होता, कारण सपाट, दलदलीच्या त्या किनाऱ्यावर नजरेत भरेल असं दुसरं काही नव्हतं. दालनात शेतकऱ्यानं धान्य भरायला सुरुवात केली. उत्तर आणि दक्षिण भिंतींना समोरासमोर मोठी भगदाडं पाडली. इतकी मोठी की गवताच्या पेंढ्यांनी भरलेली गाडी एका बाजूनं आत शिरेल आणि रिकामी होऊन दुसरीकडून निघेल. इंग्लंडमधल्या जुन्या कोठारांची हीच रचना असते. समोरासमोरच्या दारांतून वारा खेळतो, मधल्या जमिनीवर मळणी करायची आणि उफणणी त्याच वाऱ्यावर. देशावरच्या खळ्यावर जे उघड्या आभाळाखाली होतं ते इथे पावसामुळे छपराखाली.

आज भिंतीकडे पाहिलं की ती भगदाडं कुठे होती हे सहज कळतं. बुजवलेल्या भागाची दगडरचना वेगळी आहे, सांधा सरळ खाली उतरतो. एखाद्या वारसाप्रेमी माणसाला ते व्रण पाहून हळहळ वाटेल. मी त्या शेतकऱ्याला दोष देणार नाही. धान्य कोरडं राहायला छप्पर शाबूत हवं, म्हणून त्यानं छप्पर शाबूत ठेवलं. दगडी इमारतीचा मृत्यू छपरापासून सुरू होतो. पाणी भिंतीच्या माथ्यात मुरतं, गोठून फुगतं, चुना सुटतो आणि मग दगड नेणाऱ्यांचं फावतं. गर्भगृह आणि बाजूच्या खोल्यांचा कोठाराला उपयोग नव्हता, त्या नाहीशा झाल्या. मनोराही गेला.

हे तर्कट वाटत असेल तर थेम्सच्या मुखापलीकडचं रिकल्व्हर पाहावं. दोन्ही ठिकाणं सख्ख्या बहिणींसारखी. तिथेही रोमन किल्ला, तिथेही ६६९मध्ये केंटच्या राजानं बासा नावाच्या धर्मगुरूला जागा दिली, चर्चचा आराखडाही त्याच घराण्यातला. फरक एवढाच की रिकल्व्हरचं चर्च कधी विसरलं गेलं नाही. ते मोठं होत गेलं, मनोरे चढले, एकोणिसाव्या शतकापर्यंत तिथे उपासना चालू होती. समुद्र कडा खात जवळ आला तेव्हा तिथल्या मंडळींनी स्वतःच ठराव करून १८०९मध्ये चर्च पाडलं आणि दगड आतल्या बाजूला नव्या चर्चसाठी नेला. सातव्या शतकातल्या भिंती त्यात गेल्या. दोन मनोरे तेवढे उरले, तेही दीपगृहांचं काम पाहणाऱ्या ट्रिनिटी हाउसनं जहाजांची खूण म्हणून ते विकत घेतले म्हणून. जुन्या चर्चचे दोन दगडी खांब पुढे सापडले आणि आता ते कॅन्टरबरीच्या कॅथेड्रलमध्ये आहेत.

रिकल्व्हरच्या लोकांनी केलं ते समजण्यासारखंच आहे. चर्च हवं होतं, ते सुरक्षित जागी हवं होतं आणि जुनं चर्च म्हणजे त्यांच्या लेखी तयार दगडांचा साठा होता. सेडनंही ओथोनाच्या भिंतींकडे त्याच नजरेनं पाहिलं होतं.

पुन्हा चर्च

१८६४मध्ये खाडीकाठची खारजमीन बांध घालून लागवडीखाली आणण्याचं काम सुरू होतं. कोकणातल्या खारबंदिस्तीसारखंच हे काम. त्या खोदाईत रोमन तट उघडा पडला, उत्खनन झालं आणि किल्ला कुठे होता हे नक्की झालं. त्याची पूर्वेकडची बाजू समुद्रानं गिळली होती. चर्चच्या दक्षिणेला झुडपांमध्ये तटाचा एक तुकडा अजून उभा आहे. किल्ला म्हणजे ओथोना, ओथोना म्हणजे इथनकास्टर आणि त्याच्या दरवाज्यावरचं कोठार म्हणजे सेडचं चर्च, ही साखळी आता भक्कम झाली.

तरीही ती वास्तू पुढची पन्नासेक वर्षं कोठारच राहिली. मग ती चेम्सफर्डच्या धर्मप्रांताकडे आली. हा धर्मप्रांत स्वतःच १९१४मध्ये स्थापन झालेला. दुरुस्ती झाली आणि २२ जून १९२० रोजी चर्च म्हणून तिचं पुन्हा समर्पण झालं. दुरुस्ती करणाऱ्यांचा एक निर्णय मला मनापासून आवडतो. त्यांनी गर्भगृह नव्यानं उभारलं नाही, मनोरा चढवला नाही. भगदाडं बुजवली, पण ती कुठे होती ते लपवलं नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जुन्या चर्चचं ‘मूळ रूप’ परत आणण्याच्या उत्साहात किती तरी अस्सल बांधकाम पुसलं गेलं. ब्रॅडवेल त्या लाटेतून सुटलं, कारण लाट आली तेव्हा ते चर्च म्हणून कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. कोठारानं केलेला हा दुसरा उपकार.

१९४६मध्ये, दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात धर्मगुरू असलेल्या नॉर्मन मॉट्ली यांनी शेजारीच ओथोना नावानं एक सहजीवन-समूह सुरू केला. युद्धात एकमेकांविरुद्ध उभ्या राहिलेल्या देशांच्या लोकांनी एकत्र राहावं, काम करावं, प्रार्थना करावी हा हेतू. तो समूह आजही तिथे आहे आणि चर्चमधल्या रोजच्या प्रार्थनेला त्याचा हातभार लागतो. दरवर्षी जुलैच्या पहिल्या शनिवारी मोठी यात्रा भरते. १९८५मध्ये नवी दगडी वेदी बसवली. तिच्यात तीन ठिकाणचे दगड जडवलेले आहेत: आयोना, लिंडिसफार्न आणि लास्टिंगॅम. सेडच्या गुरुपरंपरेचं मूळ, त्याचा मठ आणि त्याच्या मृत्यूची जागा.

आतली सजावट नावाला आहे. बाकं, वेदी, वर क्रूस आणि उंचावरच्या खिडक्यांतून येणारा उजेड. पहिल्यांदा येणारे बरेचदा विचारतात की बाकीचं चर्च कुठे आहे.

शेजारी

आता या वास्तूचा संबंध दोन शेजाऱ्यांशी आहे. पहिला समुद्र. चर्च आणि पाणी यांच्या मध्ये खारवणाचा, गवताळ दलदलीचा पट्टा आहे आणि शिंपल्यांची पुळण. लाटांचा जोर याच पट्ट्यावर मोडतो. पट्टा झिजायला लागला तेव्हा १९८०च्या दशकात थेम्सवरचे जुने मालवाहू तराफे आणून जवळच्या सेल्स पॉइंटसमोर बुडवले, लाट अडवायला. भरती-ओहोटीच्या पाण्यात त्यांची रांग दिसते.

दुसरा शेजारी अणुवीज प्रकल्प. खाडीच्या काठावर काही किलोमीटरवर ब्रॅडवेलची अणुभट्टी १९६२ ते २००२ अशी चाळीस वर्षं चालली. २०१८मध्ये तिला देखरेखीच्या दीर्घ अवस्थेत टाकलं, म्हणजे किरणोत्सार उतरेपर्यंत बंद करून राखत बसायचं, पाडायचं नाही. तिच्या शेजारी नवी, कितीतरी मोठी अणुभट्टी उभारण्याचा प्रस्ताव चीनच्या सरकारी कंपनीनं फ्रान्सच्या ईडीएफ या वीज कंपनीच्या भागीदारीत मांडला आणि २०२०मध्ये त्यावर लोकांची मतं मागवली. विरोधकांच्या मुद्द्यांत पक्ष्यांचं वसतिस्थान, कालवं, वाहतूक यांच्याबरोबर सेंट पीटरभोवतीचं मोकळं क्षितिजही होतं. ही वास्तू सर्वोच्च श्रेणीत संरक्षित आहे, तेव्हा भिंतींना कुणी हात लावणार नाही. प्रश्न आसमंताचा आहे, आणि आसमंताचं संरक्षण कायद्यात असलं तरी त्याची हद्द दर वेळी नव्यानं भांडून ठरवावी लागते.